शाळेपुढील खाऊचे दुकान : शब्द आणि व्यवहार

शाळेच्या फाटकासमोर किंवा क्वचित आवारातच मुलांना गोळ्या, बोरे, चणे, बिस्किटे असे किरकोळ जिन्नस विकणारे जे छोटे दुकान असते, त्याला मराठीत स्वतंत्र नाव नाही. इंग्रजीत अशा दुकानाला ‘टक-शॉप’ म्हणतात. टॉमस ह्यूजच्या रग्बी शाळेवरील १८५७ सालच्या प्रसिद्ध कादंबरीत हा शब्द आलेला आहे. पुढे तो इंग्रजी धर्तीच्या वसतिगृहशाळांबरोबर हिंदुस्थानातही आला, परंतु त्या शाळांच्या भिंतीबाहेर तो पडला नाही. जपानी भाषेत मुलांच्या स्वस्त खाऊला ‘दागाशी’ असे नाव आहे. त्यातील पहिल्या अक्षराने मालाचा हलकेपणा दाखविला जातो, आणि खानदानी मिठाईहून त्याचा वर्ग निराळा पाडला जातो. त्याच मालाला एके काळी ‘एका मोनची मिठाई’ असेही म्हणत. ‘मोन’ हे त्या काळचे सर्वांत हलके नाणे होय. म्हणजे एका भाषेने दुकानाला नाव दिले, दुसरीने मालाच्या दर्जाला व किमतीला दिले. मराठीने यांपैकी काहीही केले नाही. तिने विकणाऱ्याला नावे दिली, उदाहरणार्थ बोरवाली, चणेवाला, गोळेवाला, गारीगारवाला. आणि जिनसांच्या साऱ्या वर्गाला एक नाव दिले, ते म्हणजे ‘खाऊ’.

या दुकानाचा भाषिक अंगाने विचार करावयाचा तो एवढ्याकरिता की, मूल ज्या ठिकाणी वडीलधाऱ्यांच्या मध्यस्थीवाचून प्रथम भाषा वापरते, भाव विचारते, हिशेब करते, नकार ऐकते आणि परक्या माणसाला योग्य संबोधन लावते, ते ठिकाण बहुधा हेच असते. शिवाय गेल्या काही वर्षांत हे दुकान कायद्याच्या कक्षेत आले आहे, आणि कायद्याने केलेले वर्गीकरण व भाषेने केलेले वर्गीकरण एकमेकांशी जुळत नाहीत. या विसंगतीचे परिणाम केवळ शाब्दिक नाहीत, हे पुढे दिसून येईल.

प्रथम ‘खाऊ’ या शब्दाकडे वळू. ‘खाणे’ या धातूला ‘-ऊ’ प्रत्यय लागून तो सिद्ध झाला आहे. संस्कृतातील ‘-उक’ प्रत्ययाशी या ‘-ऊ’चे नाते जोडले जाते. मराठीत या प्रत्ययाचे दोन परस्परविरुद्ध व्यापार दिसतात. ‘टिकाऊ’, ‘कमाऊ’, ‘उडाऊ’ यांत तो कर्त्याचा वाचक आहे : जे टिकते ते टिकाऊ, जो कमावतो तो कमाऊ. उलट ‘टाकाऊ’, ‘विकाऊ’ यांत तो कर्माचा वाचक आहे : जे टाकावयाचे ते टाकाऊ. ‘खाऊ’ हा शब्द दोन्ही बाजूंना उभा राहतो, ही त्याची विशेष गंमत. ‘लाचखाऊ’ यात खाणारा अभिप्रेत आहे. ‘मुलांचा खाऊ’ यात खावयाची वस्तू अभिप्रेत आहे. एकाच रूपात भक्षक आणि भक्ष्य दोघेही नांदावेत, असे उदाहरण विरळा. ‘खाद्य’ या कर्मवाचक कृदन्तापासून द्य > ज्ज > ज या नेहमीच्या क्रमाने निघालेला ‘खाजे’ हा शब्द मात्र कोकणात व गोव्यात एका विशिष्ट पदार्थाचा, जत्रेत मिळणाऱ्या गूळ-बेसनाच्या कांड्यांचा, वाचक होऊन बसला. धातू एकच, एका रूपाचा अर्थसंकोच झाला आणि दुसऱ्याने सगळा वर्ग व्यापला.

हा वर्ग कोणत्या तत्त्वावर बेतलेला आहे? पदार्थाच्या घटकांवर नव्हे, हे उघड आहे. कारण पेरू, लाडू, फुटाणे आणि लिमलेटची गोळी ही चारही एकाच वेळी खाऊ होऊ शकतात. चवीवरही नाही. वरण, भात, पोळी आणि भाजी हे मात्र कधीही खाऊ होत नाहीत, मग ते मुलाने कितीही आवडीने खाल्ले तरी. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात पोळीभाजीचा डबा आणि खाऊचा डबा हे दोन निराळे असतात. यावरून खाऊचे पहिले लक्षण असे की, तो जेवणाबाहेरचा असतो. दुसरे लक्षण अधिक महत्त्वाचे आहे. खाऊ हा मोठ्यांनी लहानांना द्यावयाचा असतो. पाहुणा येतो तो ‘मुलांना खाऊ’ घेऊन येतो. जाताना तो मुलाच्या हातावर नाणे किंवा नोट ठेवतो व म्हणतो, ‘खाऊला घे.’ या ‘खाऊला’तील ‘ला’ प्रत्यय प्रयोजन दाखवितो. ‘खाऊचे पैसे’ ही संस्था मराठी घरात इतकी रुजलेली आहे की, ते पैसे पुस्तकावर खर्च झाले किंवा डब्यात साठविले गेले तरी त्यांचे नाव बदलत नाही. प्रौढांनी एकमेकांना खाऊ देऊ नये असा नियम नाही, पण दिला तर त्यात थट्टा किंवा लाड असतो. ‘खाऊगल्ली’ या शहरी समासात हा शब्द अलीकडे प्रौढांच्या चैनीलाही लागू झाला आहे, आणि त्यातही मनाने लहान होण्याची मुभा घेतल्याचा एक सूर आहे.

आता हाच जिन्नस मुलाने स्वतःच्या मनाने शाळेपुढे विकत घेतला, तर घरात त्याला काय म्हणतात? ‘अरबटचरबट’. हा शब्द शब्दकोशकारांनी फारसा गंभीरपणे घेतलेला नाही, पण तो फार अर्थवाही आहे. द्विरुक्तीने आणि यमकाने बनलेले असे शब्द मराठीत बहुधा अव्यवस्था, भेसळ किंवा नगण्यता सुचवितात, उदाहरणार्थ ‘आलतूफालतू’, ‘अघळपघळ’, ‘चिल्लीपिल्ली’. ‘अरबटचरबट खाणे’ म्हणजे वेळी-अवेळी, क्रमाशिवाय, कोणी न देता खाणे. काल मामाने आणलेली चिंचेची गोळी खाऊ होती; आज मधल्या सुट्टीत घेतलेली तीच गोळी अरबटचरबट झाली. पदार्थ बदलला नाही, घटक बदलले नाहीत. बदलला तो फक्त देणारा. तेव्हा या दोन शब्दांमधील भेद आहारशास्त्रीय नसून आप्तसंबंधाचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

याचे सर्वांत बोलके प्रमाण ‘बोरन्हाण’ या विधीत सापडते. संक्रांतीच्या सुमारास तान्ह्या मुलाला हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे, रेवड्या, बत्तासे ओततात, आणि भोवती जमलेली मुले ते वेचून खातात. अलीकडे त्यात कागदात गुंडाळलेल्या गोळ्याही असतात. या यादीशी शाळेपुढच्या टोपलीतील जिनसांची यादी ताडून पाहावी. ती बहुतांशी एकच आहे. एकदा समारंभपूर्वक मस्तकावरून ओतलेले बोर सात-आठ वर्षांनी रस्त्यावर निषिद्ध ठरते.

जिनसांच्या नावांत मराठीचे अनेक थर एकावर एक पडलेले दिसतात. सर्वांत खालचा थर रानमेव्याचा व धान्याचा आहे. ‘बोर’ हे ‘बदर’चे तद्भव रूप प्राकृतातच सिद्ध झाले होते, हेमचंद्राने ते आपल्या व्याकरणात नोंदले आहे. ‘आवळा’ आमलकापासून, ‘चणा’ चणकापासून आला, ‘चिंच’ संस्कृत ‘चिञ्चा’शी जुळते, आणि ‘फुटाणा’ हा फुटण्याच्या क्रियेवरून पडलेला घरचा शब्द आहे. या थरावरील नावांना बहुधा गावाचे किंवा आकाराचे विशेषण लागते : जळगावजवळच्या मेहरूणची ती मेहरूणी बोरे, आणि मण्यांएवढी रानबोरे ती ‘चन्यामन्या’ बोरे. ‘विलायती चिंच’ हे झाड मूळचे मध्य अमेरिकेकडचे. ‘विलायती’ या विशेषणाने मराठीने त्याचे परकेपण नोंदवून ठेवले, परंतु आंबट नसलेल्या त्या शेंगेला चिंच म्हणण्याइतकी आपुलकीही दाखविली. तिखटमीठ लावलेली कैरी, आवळा व पेरू यांच्या बाबतीत ‘मीठ’ या शब्दाकडेही लक्ष वेधावेसे वाटते. संस्कृत ‘मृष्ट’पासून हिंदीत ‘मीठा’ म्हणजे गोड झाला. मराठीत त्याच मुळापासून खारट पदार्थाचे नाव निघाले. चवदार हा मूळ अर्थ धरला, तर दोन्ही भाषांनी आपापल्या आवडीप्रमाणे निवड केली, इतकेच!

याच थरावर बोलीभेदही स्पष्ट उमटतात. भाजलेल्या तांदळाच्या फुलोऱ्याला पुण्याकडे चुरमुरे, मुंबई-कोकणात कुरमुरे आणि विदर्भात मुरमुरे म्हणतात. तीनही नावे ध्वन्यनुकारी असून पहिल्या व्यंजनाचाच काय तो फरक. भुईमुगाच्या दाण्याला पश्चिमेकडे ‘शेंगदाणा’ किंवा नुसता ‘दाणा’, तर नागपूरकडे ‘फल्लीदाणा’. पुण्याचा पेरू विदर्भात ‘जाम’ होतो. काडीला लावलेल्या रंगीत गोड बर्फाला कोठे ‘आइसकांडी’, तर कोठे ‘गारीगार’ किंवा ‘गारेगार’ हे मोठे सुंदर नाव आहे. ‘गार’ या विशेषणाची द्विरुक्ती करून त्याचे नाम बनविले गेले, आणि विक्रेत्याची आरोळी हेच वस्तूचे नाव झाले. अशा शब्दांच्या सीमारेषा नकाशावर काढावयाच्या तर शाळेपुढचे दुकान हे फार सोयीचे ठाणे आहे. कारण तेथे शब्द लहान मुलांच्या तोंडी असतो, आणि प्रमाणभाषेचे पाठ्यपुस्तक भिंतीपलीकडे राहते.

वरचा थर कारखान्यात तयार होणाऱ्या मालाचा. ‘पिपरमिंट’ आणि ‘लिमलेट’ हे इंग्रजीतून आलेले शब्द साखरेच्या कडक गोळ्यांकरिता रूढ झाले. संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या गोळ्याही बरणीत त्यांच्याच शेजारी बसत. विलेपार्ल्याच्या पार्ले कंपनीचा आरंभ १९२९ साली अशा गोळ्यांनीच झाला, बिस्किटे नंतर आली. आणि गावाचे नाव मुलांच्या तोंडी बिस्किटाचे नाव होऊन बसले. मालेगाव तालुक्यातील रावळगावी वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या साखर कारखान्याच्या गोळ्या दोन-तीन पिढ्यांनी ‘रावळगाव’ याच नावाने मागितल्या. त्या गोळ्यांचे व्यापारनाम २०२४ साली रिलायन्स समूहाकडे गेले. ग्रामनामाचे पदार्थनाम होण्याची ही प्रक्रिया ‘मेहरूणी’ बोरांच्या प्रक्रियेहून वेगळी नाही. फक्त येथे विशेषणाचा प्रत्यय लावण्याची गरजही भासलेली नाही.

अर्थपरिवर्तनाचे सर्वांत नमुनेदार उदाहरण ‘चॉकलेट’ या शब्दाचे. मूळ मेक्सिकोतील नाव्हात्ल भाषेकडून स्पॅनिश व इंग्रजी या मार्गाने तो मराठीत आला. पण शाळेपुढच्या दुकानात त्याचा अर्थ कागदात गुंडाळलेली कोणतीही गोळी असा झाला, मग तीत कोकोचा लवलेशही नसो. ‘आंब्याचे चॉकलेट’ ही शब्दयोजना मराठी कानाला मुळीच खटकत नाही. अशा रीतीने शब्दाचा अर्थविस्तार झाल्यावर कोकोच्या खऱ्या वडीला नाव उरले नाही; ती उणीव १९४८ साली हिंदुस्थानात आलेल्या एका कंपनीच्या नावाने भरून निघाली, आणि वडी ‘कॅडबरी’ झाली, मग ती कोणत्याही कंपनीची असो. म्हणजे जातिवाचक शब्द सरकून खाली आला आणि विशेषनाम जातिवाचक होऊन त्याच्या जागी बसले. तसेच प्लास्टिकच्या नळीत गोठविलेल्या रंगीत साखरपाण्याला मुले ‘पेप्सी’ म्हणतात. त्या नावाच्या अमेरिकन पेयाशी त्याचा काहीएक संबंध नाही. ‘कुरकुरे’ हे १९९९ साली बाजारात आलेले नाव हिंदी विशेषणाचे आहे. मराठीत ‘कुरकुरीत’ हे विशेषण आणि ‘कुरकुर’ हे तक्रारीचे नाम आधीपासून होते, त्यांच्यामध्ये हा तिसरा शब्द नित्य अनेकवचनी नाम म्हणून येऊन बसला.

हे शब्द उपरे राहिले नाहीत, याचा पुरावा त्यांच्या लिंगवचनांत मिळतो. ईकारान्त म्हणून कॅडबरी, पेप्सी आणि बोटांत घालून खावयाच्या तळलेल्या नळीचे ‘बॉबी’ हे नाव, ही तिन्ही स्त्रीलिंगी झाली. आणि नदी–नद्या या नियमाने त्यांची अनेकवचने कॅडबऱ्या, पेप्स्या, बॉब्या अशी होतात. सात वर्षांच्या मुलाला हा नियम कोणी शिकविलेला नसतो. परभाषेतील शब्द व्याकरणात जिरविण्याचे काम विद्वानांच्या समित्यांपेक्षा मधल्या सुट्टीत अधिक सफाईने होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता व्यवहाराच्या व्याकरणाकडे येऊ. भाव विचारण्याच्या मराठी पद्धती पाहण्यासारख्या आहेत. ‘बोरे कशी दिली?’ या प्रश्नात रीतिवाचक सर्वनाम आणि भूतकाळ आहे. अजून काहीच दिलेले नसते. ‘केवढ्याला?’, ‘कितीला?’ यांत ‘ला’ प्रत्ययाने मूल्य दाखविले जाते. उत्तरही त्याच प्रत्ययात येते : ‘रुपयाला चार.’ याच्या शेजारी दुसरी रचना आहे ती षष्ठीची : ‘रुपयाचे चणे द्या.’ या दोहोंतील भेद परकीयांना शिकविताना फार कष्ट पडतात, पण दुकानापुढे उभे असलेले मूल तो सहज पाळते. ‘ला’ दर सांगतो, आणि म्हणून त्याला पुढे संख्या लागते. ‘रुपयाला गोळ्या’ हे वाक्य अपुरे वाटते. ‘चा’ किमतीच्या मापाने माल मोजतो. म्हणून तो चणे, चुरमुरे, चिंच अशा न मोजता येणाऱ्या जिनसांशी विशेष जमतो. संख्या घातली की मात्र अर्थ पालटतो. ‘रुपयाला चार गोळ्या’ घेणारे मूल एक रुपया देते. ‘रुपयाच्या चार गोळ्या’ घेणारे मूल चार रुपये देते. एका प्रत्ययाने किंमत चौपट होते, आणि हा धडा मूल ज्या दिवशी शिकते त्या दिवशी ते विभक्तीचा अर्थ खरोखर शिकते.

नाण्यांचा इतिहासही या रचनांत गोठून राहिला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै होत्या. १९४३ ते १९४७ या काळात पाडलेला भोकाचा पैसा मुले दोऱ्यात ओवीत. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात, पण व्यवहारात अपूर्णांक चालत नसल्यामुळे एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असा हिशेब ठरविण्यात आला. म्हणजे तीन आणे एकदम मोडणाऱ्याला एकोणीस नवे पैसे मिळत, आणि एकेक आणा तीनदा मोडणाऱ्याला अठराच. एकेक आणा घेऊन दुकानी जाणारा गिऱ्हाईक कोण असे, हे सांगावयास नको. पुढे ‘नवे’ हे विशेषण १९६४ साली गळाले, आणा तर केव्हाच गेला होता. तरी पंचवीस पैशांना ‘चार आणे’ व पन्नास पैशांना ‘आठ आणे’ म्हणण्याची रीत त्या नाण्यांबरोबर चालत राहिली, कारण त्या ठिकाणी दोन्ही पद्धतींचा मेळ अपूर्णांकाशिवाय बसत होता. पंचवीस व त्याखालील पैशांची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. त्यानंतर ‘चार आणे’ म्हणींत उरले.

लहान नाणी दुर्मीळ झाली तेव्हा एक चमत्कारिक उलथापालथ झाली. सुटे नाहीत म्हणून दुकानदार मोठ्या गिऱ्हाइकाच्या हातावर गोळी ठेवू लागला. ज्या वस्तूची किंमत नाण्याने मोजावयाची तीच नाण्याच्या जागी आली. परंतु हा व्यवहार एकेरीच राहिला. दुकानदाराने दिलेली गोळी त्याच दुकानात परत नाणे म्हणून चालविण्याचा प्रयत्न कोणत्याही मुलाने करून पाहावा!

पुड्यांचा माल आल्यावर वर वर्णिलेली रचना मागे पडत चालली आहे. छापील किमतीच्या पुड्या माळांसारख्या दुकानापुढे लोंबतात, आणि मूल म्हणते, ‘पाचवाला द्या’, ‘दहावाला द्या.’ येथे दर नाही, माप नाही, ‘वर थोडे घाला’ अशी घासाघीस नाही; किंमत हीच वस्तूची संज्ञा आहे. जपानी भाषेतील ‘एका मोनची मिठाई’ या नावापाशी मराठी अशी आडवाटेने येऊन पोचली. मूठ, ओंजळ, पुडी, वाटा आणि पत्र्याचे किंवा काचेचे ‘माप’ ही मापनशब्दांची मालिका मात्र त्याबरोबर निकामी होते. ही मालिका बोरवालीच्या टोपलीपाशी अजून ऐकू येते, दुकानाच्या फळीपाशी ती येत नाही.

बोरवालीचा उल्लेख आला, तेव्हा संबोधनाचाही विचार केला पाहिजे. मूल विक्रेत्याला नावाने हाक मारीत नाही. ते नाते लावते. पुरुष असेल तर मामा किंवा काका, स्त्री असेल तर मावशी किंवा आजी. इथवर विशेष काही नाही. पण नात्याबरोबर क्रियापदही बदलते. मराठी घरांत रूढीने वडील, काका, मामा यांना ‘तुम्ही’ आणि आई, मावशी, आजी यांना ‘तू’ म्हणतात. हीच वाटणी मूल रस्त्यावर नेते : ‘मामा, एक गोळा द्या’, परंतु ‘आजी, रुपयाची बोरे दे ना.’ ब्राउन व गिलमन यांनी १९६० साली सर्वनामांच्या वापरात सत्ता आणि जवळीक अशी दोन तत्त्वे दाखवून दिली. त्यांच्या चौकटीत हे उदाहरण घातले तर असे दिसते की, विकणारी स्त्री मुलाला अधिक जवळची ठरते आणि त्याच कारणाने तिचा मान व्याकरणात एका पायरीने उतरतो. तिच्या टोपलीवर बसणाऱ्या माश्यांची चर्चा जितकी होते तितकी या एकेरीची होत नाही. मोठ्या शहरांत आता ‘भैया’ हे संबोधन वाढले आहे. त्याबरोबर संपूर्ण संभाषणच हिंदीत सरकते, आणि ‘ला’ व ‘चा’ यांचा वर सांगितलेला भेदही त्यात लोपतो.

आता कायद्याविषयी. तंबाखूच्या पदार्थांची विक्री शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत करू नये, असा निर्बंध २००३ च्या अधिनियमाने घातला. त्याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. शाळेच्या उपाहारगृहांत मेद, मीठ व साखर अधिक असलेले पदार्थ ठेवू नयेत, असा आदेश महाराष्ट्र शासनाने २०१७ साली काढला. पुढे केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० साली शाळकरी मुलांच्या आहाराविषयी विनियम केले. त्यांनुसार असे पदार्थ शाळेच्या आवारात, तसेच फाटकापासून कोणत्याही दिशेला पन्नास मीटरच्या आत विकता येत नाहीत, व त्यांची जाहिरातही करता येत नाही. या नियमांमागील हेतू योग्यच आहे. बालवयातील स्थूलता व दातांची कीड या काल्पनिक गोष्टी नव्हेत.

अडचण भाषांतराची आहे. विनियमांतील वर्ग घटकांच्या प्रमाणावर बेतलेला आहे. तो शाळेच्या सूचनाफलकावर येताना ‘जंक फूड’ होतो, आणि पालकसभेत त्याचा उच्चार ‘अरबटचरबट’ किंवा ‘उघड्यावरचे’ असा होतो. हे तीन वर्ग एक नाहीत. ‘अरबटचरबट’ हा, वर पाहिल्याप्रमाणे, देणारा कोण यावर ठरणारा वर्ग आहे. ‘उघड्यावरचे’ हा स्वच्छतेविषयीचा वर्ग आहे. धूळ, माशा व पाणी यांच्याशी त्याचा संबंध, साखरेशी नाही. स्वच्छतेचा आक्षेप खरा असू शकतो, पण तो निराळ्या नियमांचा विषय होय, आणि त्याचा उपाय झाकण व स्वच्छ पाणी हा आहे. तिन्ही वर्ग एकमेकांत मिसळले म्हणजे टोपली घेऊन बसलेली स्त्री सर्वांत आधी उठविली जाते. तिच्याजवळ बोरे, आवळे, चणे, भुईमुगाच्या शेंगा असतात, ज्यांत या विनियमांना आक्षेपार्ह असे फारसे काही नसते. समोरच्या फळीवरील रंगीत पुड्या मात्र झाकलेल्या, छापील आणि म्हणून निर्दोष भासतात. वस्तुतः विनियमांचा रोख त्यांच्यावरच आहे. पुडीच्या मागे घटकांचे प्रमाण छापलेले असते खरे, परंतु ते वाचून वर्ग ठरविण्याचे काम पाच रुपये हातात घेतलेल्या मुलाने करावयाचे नसून फलक लिहिणाऱ्याने करावयाचे आहे.

फलक लिहावयाचा असेल तर वर्गनामे टाळून जिनसांची नावे घालावीत, आणि ती दुकानात चालणारीच घालावीत. ‘मेद-मीठ-साखर-अतिरेकी अन्नपदार्थ’ अशी रचना शासकीय कागदावर शोभेल. दुकानदाराला तिचा अर्थबोध होणार नाही, आणि ‘जंक फूड’ म्हणजे समोरच्या हॉटेलातील पिझ्झा, आपल्या बॉब्या नव्हेत, असे तो प्रामाणिकपणे समजेल. तळलेल्या नळ्या, वेफर, पेप्सी, बाटलीतील गोड पाणी, कॅडबरी, गोळ्या अशी नावे लिहिली तर कोणाचाच गैरसमज होत नाही. चिक्की व राजगिऱ्याचा लाडू यांसारखे मधले पदार्थ राहतात. त्यांचा निर्णय ज्याने त्याने न करता संबंधित अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावा. खाली, तितक्याच ठळक अक्षरांत, काय विकता येईल तेही लिहावे : बोरे, आवळे, पेरू, काकडी, भाजलेले चणे, फुटाणे, शेंगा. टोपलीवाल्या आजीला वाचता येत नसेल, तर ही दुसरी यादी तिला कोणीतरी वाचून दाखवावी, आणि शक्य तर ‘तुम्ही’ म्हणून.